सात माणसांच्या घराला अ‍ॅव्हरेज देणारी गाडी कशी निवडावी

गाडी किती अ‍ॅव्हरेज देते, हे शोरूममध्ये विचारून कळत नाही. ते आपल्या घरातली माणसं, आपलं सामान आणि आपला रोजचा रस्ता धरून आपणच काढायचं असतं. मी कराडला एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. वाहनकर्जाची प्रकरणं समोर येतात, त्यामुळे लोक गाडी कशी ठरवतात ते बघायला मिळतं. बहुतेक जण आधी मॉडेल पसंत करतात, मग रंग, आणि इंधनाचा हिशेब शेवटी होतो. मोठ्या घराने हा क्रम उलटा करावा असं मला मनापासून वाटतं. आधी माणसं, मग वाट, मग इंधन. मॉडेलचा नंबर त्यानंतर.

आमच्या घरात सासूबाई, सासरे, दीर, आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा आहे. मूळ गाव खाली कोकणात, चिपळूणच्या पुढे. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला सगळे निघतो, कुंभार्ली घाट उतरून. एरवी सातारा, कोल्हापूर, दवाखाना, लग्नकार्य. आम्ही २०२३ मध्ये सीएनजीवाली मारुतीची एर्टिगा घेतली, पण तुम्हीही तीच घ्यावी असं माझं म्हणणं नाही. घर बदललं की उत्तर बदलतं.

आधी माणसं मोजा, तीही वजनासकट

महिनाभर एक वही ठेवा. गाडीतून, रिक्षाने, एसटीने घरातलं कोण कुठे गेलं आणि एका वेळी किती जण होते, एवढंच लिहायचं. बऱ्याच घरांत असं दिसतं की सगळे एकत्र वर्षातून तीन-चार वेळाच निघतात आणि बाकी दिवस गाडीत दोघं नाहीतर तिघं असतात. असं असेल तर सात सीटची गाडी घेऊच नका. छोटी गाडी ठेवा आणि त्या तीन-चार वेळांना ड्रायव्हरसकट मोठी गाडी भाड्याने करा. पण आठवड्या-पंधरा दिवसांनी सहा-सात जण निघत असतील तर चित्र पालटतं.

कसं ते पाहा. छोटी गाडी लिटरला १८ किलोमीटर चालते असं धरू. सात जणांना अशा दोन गाड्या लागतात. म्हणजे सात जण एक किलोमीटर न्यायला दोन गाड्यांचं पेट्रोल, आणि एका लिटरमागे हिशेब पडतो ६३ माणूस-किलोमीटरचा. सात सीटची गाडी सगळे बसल्यावर लिटरला फक्त १३ दिली तरी १३ गुणिले ७, म्हणजे ९१. टोल आणि पार्किंगही एकदाच. मात्र त्याच गाडीत एकटा माणूस बसून रोज कामावर जात असेल तर आकडा १३ वरच येतो. म्हणून मोठी गाडी घेतली तरी घरातली स्कूटर विकू नका. एकटीला साताऱ्याला जायचं असेल तर मी एसटीने जाते. मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट निम्मं आहे आणि ७५ वर्षांपुढच्यांना एसटी फुकट आहे. घरचं इंधन वाचवायचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

मुलं मोजताना ‘मांडीवर बसतील’ हा हिशेब धरू नका. चौदा वर्षांखालच्या मुलालाही पट्टा किंवा त्याची सीट लागते, नसेल तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, घाटातल्या एका करकचून ब्रेकला मांडीवरचं मूल हातात राहत नाही. घरात आठ माणसं असतील तर आठ सीटचीच गाडी बघा. तिथे पर्याय थोडे आहेत, टोयोटाच्या इनोव्हा क्रिस्टा आणि इनोव्हा हायक्रॉस दोन्ही आठ सीटमध्ये मिळतात. बोलेरोमागे आडव्या सीट असतात. जवळच्या अंतराला ठीक, पण लांबच्या वाटेला मी मुलांना तिथे बसवणार नाही.

आता वजन. सात जण सरासरी ६५ किलोचे धरले तर ४५५ किलो. त्यावर पिशव्या, डबे, परतताना तांदूळ आणि नारळ, म्हणजे ५०-६० किलो आणखी. माहितीपत्रकात ‘ग्रॉस व्हेइकल वेट’ (भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन) आणि ‘कर्ब वेट’ (रिकाम्या गाडीचं वजन) असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की गाडी किती भार पेलू शकते ते कळतं. तुमचा भार त्या आकड्याच्या जवळ जात असेल तर छोट्या इंजिनाची गाडी रडतखडत चालेल आणि पेट्रोलही जास्त पिईल. रेनॉची ट्रायबर ही चार मीटरच्या आतली, सात सीटची, खिशाला परवडणारी गाडी आहे. पण तिचं इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, ७२ पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनाचा जोर मोजायचं माप). गावातल्या गावात, लहान मुलांचं घर असेल तर उत्तम. सात मोठी माणसं घेऊन घाट चढायचा असेल तर तो तिचा प्रांत नाही. शिवाय तिन्ही रांगा वापरात असताना मागे सामानाला ८४ लिटरच जागा उरते, म्हणजे दोन शाळेच्या बॅगा.

सासूबाईंना बसवून बघा

हे इंधनाशी कसं जुळतं, असं वाटेल. जुळतं. ज्या गाडीत घरातलं एखादं माणूस चढू शकत नाही, त्या गाडीबरोबर दुसरी गाडी निघते, आणि मग वर काढलेला सगळा हिशेब फसतो.

आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. आम्ही त्यांना प्रत्येक शोरूममध्ये नेलं. उंच एसयूव्हीत त्यांना आधी पायरीवर पाय, मग दांडीला हात, मग अंग उचलून आत, असं तीन टप्प्यांत चढावं लागलं आणि उतरताना तर त्या थांबूनच राहिल्या. एर्टिगा आणि कियाच्या कॅरेन्समध्ये त्या पाठमोऱ्या होऊन सीटच्या कडेला टेकल्या आणि पाय आत घेतले. गुडघा फार वाकवावा लागला नाही, अंग उचलावं लागलं नाही. सीटची बैठक साधारण आपल्या कमरेखाली, मांडीच्या वरच्या भागाशी यावी, एवढं मोजमाप पुरेसं आहे. साडी नेसलेल्या बाईला बसायला लावा, कारण पँट घातलेल्या सेल्समनला पायरी किती उंच आहे ते जाणवत नाही.

तिसऱ्या रांगेत घरातला सगळ्यात उंच माणूस बसवा, दहा मिनिटं, दार लावून, एसी लावून. आमचे दीर सहा फुटी आहेत. गुडघे छातीशी येतात का, डोकं छताला लागतं का, मागे हवा पोचते का, हे त्यांनीच सांगितलं. मधली रांग पुढे-मागे सरकते का आणि मागच्यांना आत जायला ती एका हाताने दुमडता येते का, हेही बघा. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असतील तर सगळ्या सीट मोजून बघा, काही गाड्यांत मग सहाच सीट होतात.

आपली वाट कोणती

छापील अ‍ॅव्हरेजचा आकडा ठरतो कसा हे कळलं की त्याच्यावर किती विसंबायचं तेही कळतं. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी, १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिथे गाडी रस्त्यावर नव्हे तर रोलरवर चालवतात. ठरलेल्या क्रमाने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. कमाल वेग ताशी ९०. एसी बंद. सात माणसं नाहीत, घाट नाही, स्पीडब्रेकर नाहीत. सगळ्या कंपन्यांना एकच कसोटी, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. पण आपल्या खिशाचा हिशेब करताना मी पेट्रोल गाडीच्या छापील आकड्याचा सत्तर टक्के भाग धरते. एर्टिगा पेट्रोल मॅन्युअलचा छापील आकडा २०.५१ आहे, तर मी १४ धरेन. कमी धरलेलं कधी अंगावर येत नाही.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून जुन्या इंजिनाचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांपर्यंत घटू शकतं. या मिश्रणाला ई-२० म्हणतात, त्यासाठीच जुळवलेल्या नव्या इंजिनात घट कमी असते. जुनी गाडी बघत असाल तर ती ई-२० ला चालते का हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

घाटाचं गणित तर प्रत्येकाने एकदा करावं. चिपळूणहून कुंभार्ली चढताना गाडी साधारण ६०० मीटर वर येते. माणसांसकट १,७५० किलोची गाडी तेवढी उचलायला लागणारी ऊर्जा, आणि इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाव ते एक तृतीयांश भागच कामी लावतं हे धरलं, तर फक्त उंची चढण्याचंच पेट्रोल एक लिटरहून थोडं जास्त होतं. रिकाम्या गाडीला तेच पाऊण-एक लिटर लागतं. म्हणून कोकणातून परत येतानाचं अ‍ॅव्हरेज जातानापेक्षा नेहमी कमी दिसणार, गाडीत बिघाड नसतो. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवली आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तर आजची इंजिनं इंधन जवळजवळ तोडतात. न्यूट्रलवर उतरवून काही वाचत नाही, उलट ब्रेक तापतात आणि जिवाला धोका होतो. हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला बजावून ठेवा.

आपली वाट बहुतेक हायवेची आहे, शहरातल्या गर्दीची आहे की घाटाची आहे, ते एका ओळीत लिहा. पुढचा निर्णय त्या ओळीवर आहे.

इंधन कोणतं

हिशेबापुरतं पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९१ आणि सीएनजी किलोला ९० धरू. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करा.

पेट्रोल एर्टिगा १४ धरली तर किलोमीटरला साडेसात रुपये. तीच गाडी सीएनजीवर, छापील २६.११ ऐवजी २० धरली तर साडेचार रुपये. किलोमीटरमागे तीन रुपये वाचतात. सीएनजी मॉडेलला लाखाच्या आसपास जास्त मोजावे लागतात, म्हणजे ३३,००० किलोमीटरनंतर पैसे वसूल. महिन्याला १,००० किलोमीटर चालवणाऱ्याला पावणेतीन वर्षं लागतात आणि ४०० चालवणाऱ्याला जवळपास सात. त्या दुसऱ्याने साधी पेट्रोल घ्यावी आणि सामानाची जागा राखावी.

कारण सीएनजीची खरी किंमत मागच्या डिकीत मोजावी लागते. एर्टिगात तिसऱ्या रांगेमागे २०९ लिटर जागा असते, तिथेच ६० लिटरची टाकी बसते. सात जणांचं चार दिवसांचं सामान मग कुठे ठेवणार? टपावर कॅरियर लावलं तर वाऱ्याला अडथळा होतो आणि वाचवलेलं अ‍ॅव्हरेज तिथेच जातं. आमच्या घरी नियम आहे, चाकवाली सुटकेस कोणी आणायची नाही. कापडी पिशव्या, टाकीच्या वरच्या फटीत आणि सीटखाली सरकवता येतील अशा. गणपतीचं जड सामान एक दिवस आधी ओळखीच्या टेम्पोने पाठवतो.

साठ लिटरची टाकी म्हणजे साठ लिटर गॅस नव्हे. २०० बारच्या दाबाला त्यात आठ-नऊ किलो बसतो, तोही पंपाला प्रेशर असेल तर. पाइपलाइनवरच्या ‘ऑनलाइन’ पंपावर सहसा टाकी नीट भरते. जिथे गॅस गाडीतून सिलिंडर भरून येतो त्या पंपावर ती गॅसची गाडी रिकामी होत आली की प्रेशर पडतं आणि सहा किलोवर काटा थांबतो. तेव्हा गाडी घेण्याआधी आपल्या वाटेवरचे पंप बघून या, आणि रांग बघायची तर सणाच्या आदल्या दिवशी बघा. गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असतं. गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर तेही धरून चाला. आम्ही निघायच्या आदल्या रात्री मी किंवा दीर जाऊन एकटेच भरून आणतो.

सीएनजीवर इंजिनाचा जोर कमी होतो. एर्टिगाचा सुमारे १०३ पीएसचा जोर ८८ पर्यंत येतो. भरल्या गाडीने कुंभार्ली चढताना मी पायथ्यालाच बटण दाबून पेट्रोलवर घेते. गाडी दम टाकत नाही आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ताणावं लागत नाही. घाट संपला की परत गॅस. पेट्रोलची टाकी ४५ लिटरची असते, ती अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

डिझेलचा माणूस वेगळा. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या पुढे, बहुतेक हायवे, भरलेली गाडी आणि घाट असं असेल तर डिझेलसारखं ओढणारं दुसरं काही नाही. कॅरेन्स डिझेल १६ धरली तर किलोमीटरला पाच रुपये सत्तर पैसे पडतात, आणि डिकीही मोकळी राहते. पण एप्रिल २०२० पासूनच्या, धुराच्या बीएस-६ नियमांतल्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून अर्धा तास तरी सलग वेगात चालावी लागते. शाळा, मंडई, दवाखाना एवढंच चालणं असेल तर फिल्टर तुंबतो आणि वाचवलेले पैसे वर्कशॉपला जातात. महाराष्ट्रात डिझेल गाडीवरचा रस्ता करही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे.

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी, मोठ्या घरासाठी म्हणजे हायक्रॉस. छापील आकडा २३.२४, मी १७ धरते. म्हणजे किलोमीटरला सहा रुपये वीस पैसे, आणि तेही आठ माणसांच्या गाडीत. गर्दीत रांगत चालताना इंजिन बंद राहून गाडी बॅटरीवर सरकते आणि घाट उतरताना बॅटरी भरते, म्हणून पुण्या-मुंबईच्या घरांना तिचा फायदा सगळ्यात जास्त. सरळ हायवेवर फायदा कमी होतो. अडचण किमतीची. साध्या पेट्रोल हायक्रॉसपेक्षा पाच-सहा लाख जास्त मोजले तर ते फक्त इंधनातून वसूल व्हायला दीड लाखाहून जास्त किलोमीटर जावे लागतात. दहा वर्षं गाडी ठेवणारं आणि भरपूर फिरणारं घर असेल तर जरूर घ्या. आणि ‘स्मार्ट हायब्रिड’ हे नाव ऐकून फसू नका. एर्टिगाच्या पेट्रोल मॉडेलवर ते असतं, पण त्यात छोटी बॅटरी इंजिनाला हातभार लावते, गाडी एकटी ओढत नाही.

विजेवर चालणाऱ्या सात सीटच्या गाड्याही आल्या आहेत. घराला स्वतःचं पार्किंग आणि तिथपर्यंत वीज असेल तरच त्यांचा विचार करा.

सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत येते, त्यापुढची ४० टक्क्यांत. म्हणून ट्रायबर आणि बोलेरो एका बाजूला, एर्टिगा, कॅरेन्स, हायक्रॉस दुसऱ्या बाजूला. ऑनरोड किमतीतली तफावत त्यामुळे दिसते.

अ‍ॅव्हरेजच्या नादात एक गोष्ट मागे पडू देऊ नका. २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या एर्टिगाला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला. २०२५ पासून तिच्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग आल्या आहेत. हायक्रॉसला भारत एनकॅप या आपल्याकडच्या धडक चाचणीत पाच तारे आहेत. शेवटच्या रांगेत मुलं बसतात. पैसा पुरत असेल तर मी दोन किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज सोडून दोन तारे जास्त घेईन.

ट्रायल आणि मोजणी

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन आणि तुम्ही असे दोघंच जाऊ नका. सगळं घर बसवा, एसी लावा आणि जवळच्या एखाद्या चढावर गाडी उभी करून पुन्हा उठवा. तिथे गाडी मागे सरकते का, किती रेस द्यावी लागते, एसी बंद करावासा वाटतो का, सगळं कळतं. शोरूमवाले कुरकुरतात. दहा-पंधरा लाख आपण देणार आहोत, तेव्हा शांतपणे आग्रह धरा.

त्याच मॉडेलचा मालक ओळखीत शोधा आणि त्याला टाकी-ते-टाकी मोजायला सांगा. डॅशबोर्डवरचा आकडा बरेचदा थोडा गोड असतो. पद्धत सोपी आहे. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्य करायचा, तीन-चारशे किलोमीटर चालवायचं आणि त्याच पंपावर पुन्हा तसंच भरायचं. ४१२ किलोमीटर झाले आणि २८.६ लिटर बसलं, तर अ‍ॅव्हरेज १४.४. गाडीत किती जण होते हेही शेजारी लिहून ठेवायचं.

गाडी घरी आल्यावर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा. तिथे हवेचे दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. सात जण निघणार असाल तर भरलेल्या गाडीचा आकडा, टायर थंड असताना.

जुनी गाडी घेणार असाल तर सात सीटच्या सीएनजी गाड्यांत टुरिस्टच्या पिवळ्या पाटीवरून पांढऱ्या पाटीवर आलेल्या बऱ्याच असतात. आरसी बुकावर आधीची नोंद बघा, सर्व्हिस हिस्ट्री काढून घ्या आणि इंधनाच्या रकान्यात सीएनजी लिहिलंय याची खात्री करा, नाहीतर विमा अडतो. गॅसच्या टाकीच्या हायड्रो टेस्टचा, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकी तपासल्याचा दाखला मागा. ती दर तीन वर्षांनी करावी लागते. तारीख उलटलेली असेल तर टेस्ट विक्रेत्याकडूनच करून घ्या, मगच टोकन द्या.